डोक्यावरील विजेची तार व घरबांधणीवरील मजूर

सुगी आटोपली, हातांत चार पैसे आले, म्हणजे घर वाढविण्याचा विचार बहुतेक शेतकरी बंधूंच्या मनांत येतो. कोणी जुनें माळवद उतरवून स्लॅब टाकतो, कोणी दुसरा मजला चढवितो, कोणी मळ्यांत गोठा किंवा कांदाचाळ उभारतो. सिमेंट किती, वाळू कोठून, गवंडी कोणता, याची चौकशी महिना दोन महिने चालते. परंतु त्या जागेवरून विजेची तार गेली आहे कीं काय, व ती किती उंचीवर आहे, हें पाहणारा मालक विरळा. सातबाराच्या उताऱ्यावर विहीर दिसते, झाडें दिसतात. तार बहुधा दिसत नाहीं, आणि जें कागदावर नाहीं तें जागेवरहि नाहीं असें मानण्याची आपणां सर्वांस खोड आहे. महसूल खात्याच्या नोकरींत अशा अपघातांचे कागद आमच्या हाताखालून गेले. त्यांत मयत इसमाचें नांव, वय, व सळई उभी करतांना तारेस लागली अशा अर्थाचें एखादें वाक्य असे. मागें राहिलेलीं माणसें परगांवचीं व मजुरीवर पोट असलेलीं. त्यांचें पुढें काय झालें हा मजकूर कागदांत नसे.

उंचावरून तारेनें वीज नेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. खोपोलीचें जलविद्युत् केंद्र १९१५ सालीं सुरू झालें व तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. खेड्यापाड्यांत तार पोहोंचली ती मुख्यतः १९६० सालीं राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतर. रोहित्रापर्यंत येणारी तार बहुधा ११,००० व्होल्टची, व रोहित्रापासून घरांकडे आणि पंपांकडे जाणारी सुमारें ४०० व्होल्टची असते. दोन्ही तारा बहुधा उघड्या धातूच्या असतात. खांबावरील चिनी मातीचे इन्सुलेटर तारेस खांबापासून अलग ठेवतात, तारेवर मात्र कसलेंहि आवरण नसतें. पक्षी तारेवर सुखानें बसतो, यावरून ती निरुपद्रवी समजूं नये. पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात व जमिनीशीं त्याचा संबंध नसतो. मजुराचा पाय जमिनीवर, स्लॅबवर किंवा ओल्या बांबूच्या परांचीवर असतो आणि हातांत लोखंड असतें. ११,००० व्होल्टच्या तारेस तर प्रत्यक्ष स्पर्शहि व्हावयास नको; सळई अगदीं जवळ गेली तरी मधल्या हवेंतून ठिणगी उडी घेते.

१९५६ च्या वीज नियमांत इमारतीपासून तारेचें अंतर ठरवून दिलें होतें व २०१० च्या विनियमांत तें कायम राहिलें. सध्यां २०२३ चे विनियम लागू आहेत. त्या जुन्या आंकड्यांप्रमाणें पंपाची किंवा घराची तार गच्चीच्या सर्वांत उंच भागापासून २.५ मीटर वर व भिंतीपासून १.२ मीटर दूर असावी. ११,००० व्होल्टची तार वर ३.७ मीटर, म्हणजे सुमारें बारा फूट, व बाजूनें १.२ मीटर दूर असावी. पण हीं अंतरें पुऱ्या झालेल्या घराचीं आहेत, त्यावर काम करणाऱ्या माणसाचीं नव्हेत, हा भेद फारच थोड्यांच्या ध्यानांत येतो. बाजारांतील सळई बारा मीटर लांब असते. रस्ता सोडून शेतांतून जाणारी उघडी तार जमिनीपासून ४.६ मीटर उंच असली तरी त्या नियमांत बसते. म्हणजे सळईचा अर्धा तुकडा नुसता उभा केला तरी तो तारेच्या वर जातो! त्यांत प्लॉटवर मीटरभर मुरुमाचा भराव घातला म्हणजे तितकें अंतर कमी झालें. आणि उन्हाळ्यांत, बांधकामाच्या ऐन हंगामांत, तार तापून लांबते व दोन खांबांमध्यें अधिक झोळ घेते. यास्तव तार कधींहि खांबाजवळ पाहूं नये, मध्यावर पाहावी. बांबू किंवा पोलादी टेप वर करून मात्र ती मोजूं नये. जेसीबीचा हात, उचललेली ट्रॉली, बोअरची गाडी यांसहि हेंच लागू.

शेतीची वीज पाळीनें येते. सबब दिवसा तार मेलेली आहे असें समजून मजुरांस वर चढविण्यांत येतें. हा भरंवसा अत्यंत घातक होय. पाळी अकस्मात बदलते, एखादा फेज चालू राहतो, शेजाऱ्याच्या जनित्राची वीज उलट तारेंत शिरते. रोहित्रावरील स्विच स्वतः ओढण्याची चाल गांवोगांव आहे. ओढणारा चहास गेला कीं दुसरा कोणी तो परत लावतो. लाइन बंद करावयाची ती वीज कंपनीच्या माणसानेंच, उपकेंद्राची परवानगी घेऊन व तार जमिनीशीं जोडून.

बांधकामामुळें अंतर कमी होणार असेल, तर मालकानें व ठेकेदारानें वीज कंपनीस आणि विद्युत निरीक्षकांस नकाशासह लेखी कळवावें व दाखला मिळेपर्यंत काम सुरू करूं नये, असें नियम सांगतात. तार हलविण्याचा खर्च मालकाकडे येतो. तो कित्येकांस जड वाटतो हें खरें, व अर्जास विलंब लागतो हेंहि खरें. परंतु पाया खणण्यापूर्वीं अर्ज दिल्यास तो विलंब सोसतो, स्लॅबच्या आदल्या दिवशीं दिल्यास सोसत नाहीं. तारेखालीं सळया, नळ, माती यांची रास घालण्यास मनाई आहे, आणि शेतमालाचीहि. तेव्हां कडब्याची गंजी तेथें रचणारांनीं हें वाचावें.

अपघात झालाच, तर चिकटलेल्या माणसास हात लावूं नये. पंपाच्या तारेचा स्विच जवळ असल्यास तो आधीं बंद करावा. ११,००० व्होल्टच्या तारेपुढें कोरडी काठीहि भरंवशाची नाहीं. सर्वांस दहा मीटर दूर ठेवून १९१२ या क्रमांकावर कळवावें. तार जमिनीवर पडली असतां जमिनींतहि वीज पसरते, म्हणून लांब ढांगा न टाकतां दोन्ही पाय जुळवून सरकत मागें व्हावें. वाहनास तार लागल्यास चालकानें आंतच बसावें. आग लागली तरच दोन्ही पाय जुळवून, एकाच वेळीं वाहन व जमीन यांस स्पर्श न करतां, उडी घ्यावी. माणूस मोकळा झाला व श्वास नसला, तर त्यास वाळूंत पुरण्यांत वेळ दवडूं नये. छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहातांनीं पांच सहा सेंटिमीटर खोल, मिनिटास शंभर ते एकशेंवीस वेळां दाबीत राहावें, आणि दुसऱ्यानें १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.