जुनी रेकॉर्ड पुन्हा वाजवताना

वेग : लेबलवरचा आकडा आधी पाहा. ७८ म्हणजे मिनिटाला ७८ फेरे. ही लाखेची तबकडी. दहा इंची असेल, तर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. ३३⅓ फेऱ्यांची विनाइलची एलपी १९४८मध्ये कोलंबिया कंपनीने आणली. एका बाजूला वीसेक मिनिटं मावू लागली आणि रागाचा विस्तार घरबसल्या ऐकता येऊ लागला. ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी १९४९ची.

आपल्याकडे : भारतातल्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डपैकी काही गायिका गौहर जान यांच्या. ध्वनिमुद्रण १९०२मध्ये कोलकात्यात झालं. गाणं संपताना त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगत.

सुई : ७८च्या तबकडीचे चर रुंद असतात. त्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते. एलपीची सुई तिथे वापरू नका.

सफाई : तबकडी कडेने धरा, चरांना बोट लावू नका. मऊ ब्रशने धूळ काढा. लाखेच्या तबकडीला स्पिरिट मुळीच लावू नका, लाख विरघळते.

साठवण : रेकॉर्ड उभ्या ठेवा, उन्हापासून दूर. आडव्या रचल्या तर वाकतात.

खरेदी : तबकडी उजेडात तिरपी धरा. नखाला जाणवणारा ओरखडा ऐकूही येतो.

घरात आजी-आजोबांच्या रेकॉर्ड असतील, तर भंगारात देऊ नका. त्यांतली कित्येक गाणी पुन्हा कधीच निघालेली नाहीत.