मुक्त स्रोत प्रकल्पाची संहिता आणि चेकआउट प्रक्रिया : टॉर्टॉइज एसव्हीएनच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
मुक्त स्रोत प्रकल्पाची मूळ संहिता सर्वांना खुली असते. परंतु ती स्थिर नसते. विकासक तिच्यात सातत्याने बदल करीत असतात. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी वा संशोधनासाठी संहिता घेताना ती कोठून घेतली याइतकेच ती कोणत्या अवस्थेतील आहे, हेही महत्त्वाचे ठरते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने चेकआउट प्रक्रियेचे विवेचन केले आहे.

सबव्हर्जनचे स्वरूप :
सबव्हर्जन या आवृत्ती नियंत्रण प्रणालीचा विकास २००० मध्ये सुरू झाला व तिची १.० ही आवृत्ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात संहिता मध्यवर्ती भांडारात साठविली जाते. प्रत्येक बदल नोंदविला जाताच संपूर्ण भांडारास नवा रिव्हिजन क्रमांक मिळतो. भांडारात सामान्यतः तीन विभाग असतात : चालू विकासाचा 'ट्रंक', स्वतंत्र शाखांचा 'ब्रँचेस' आणि प्रसिद्ध आवृत्त्यांचा 'टॅग्ज'.

चेकआउटची कृती :
टॉर्टॉइज एसव्हीएन हे साधन विंडोजच्या फाईल एक्सप्लोररमध्येच समाविष्ट होत असल्याने आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. उदाहरणार्थ, सबव्हर्जनची स्वतःची संहिता अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या भांडारात आहे. ती पुढीलप्रमाणे मिळविता येते.
१) रिकामे फोल्डर तयार करून त्यावर माऊसची उजवी कळ दाबावी व 'एसव्हीएन चेकआउट' निवडावे.
२) भांडाराचा पत्ता 'ट्रंक'पर्यंत द्यावा. केवळ प्रकल्पाचा मूळ पत्ता दिल्यास सर्व शाखा व जुन्या आवृत्त्याही उतरतात आणि वेळ व जागा व्यर्थ जाते.
३) 'हेड रिव्हिजन' म्हणजे त्या क्षणाची अद्ययावत अवस्था. विशिष्ट अवस्था हवी असल्यास तिचा क्रमांक द्यावा.
४) 'ओके' दाबल्यावर फाईली उतरतात. फोल्डरवरील हिरवी खूण स्थानिक बदल नसल्याचे दर्शविते. फाईलमध्ये बदल करताच तेथे लाल उद्गारचिन्ह दिसते.

कार्यप्रत व निर्यात यांतील भेद :
चेकआउटने मिळते ती कार्यप्रत होय. तिच्यातील '.एसव्हीएन' हे अदृश्य फोल्डर भांडाराशी संबंध राखते. म्हणूनच 'एसव्हीएन अपडेट'ने नंतरचे बदल मिळतात. 'एक्स्पोर्ट'ने मिळालेल्या प्रतीस हा संबंध नसतो. चेकआउट अनेक प्रकल्पांत सर्वांना खुले असते. मात्र भांडारात बदल नोंदविण्यासाठी अधिकार लागतो. तसेच, २००५ मध्ये आलेल्या गिट प्रणालीत 'चेकआउट' या शब्दाचा अर्थ भिन्न आहे. तेथे संहिता प्रथम मिळविण्याच्या क्रियेस 'क्लोन' म्हणतात.

निष्कर्ष :
दोन विद्यार्थ्यांनी एकाच पत्त्यावरून भिन्न दिवशी 'हेड' घेतल्यास त्यांच्या संहिता भिन्न असू शकतात. अशा वेळी एकाचा निष्कर्ष दुसऱ्यास पडताळता येत नाही आणि दोष विद्यार्थ्याच्या कामात आहे की मूळ संहितेत, हे मार्गदर्शकासही ठरविता येत नाही. म्हणून प्रकल्प अहवालात भांडाराचा पत्ता, रिव्हिजन क्रमांक व दिनांक यांची नोंद अनिवार्य असावी. ग्रंथाचा संदर्भ देताना आवृत्ती नमूद करण्याची जी शिस्त अभ्यासक पाळतात, तिचेच हे संगणकीय रूप होय.