पोराला कॅमेरा घेऊन द्यावा का?

सभासद बंधूंनो, ऊसबिल जमा झाले की गटात हमखास विचारणा होते, "साहेब, पोरगं लग्नाचे फोटो काढायचं म्हणतंय, कॅमेरा घेऊन देऊ का?"

१९९८ साली रत्नागिरीत माझ्या बहिणीचे लग्न झाले. फोटोग्राफर नवखा. छत्तीस फोटोंचा रोल कॅमेऱ्यात नीट अडकलाच नव्हता. बटण दाबले जात होते, फिल्म जागच्या जागी! कन्यादानाचा एकही फोटो नाही. पुढल्याच वर्षी वडील गेले. अल्बमची ती दोन पाने बहिणीने आजही कोरी ठेवली आहेत.

आता रोल गेले, पण कार्ड बिघडते, बॅटरी संपते. म्हणून एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरवणारा कॅमेरा बरा. किनाऱ्याच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते. सिलिका जेल घालून तो बंद डब्यात ठेवावा.

मात्र सगळे बिल त्यात घालू नका. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी गोध्र्यात स्टुडिओ काढला, पण प्लेगमध्ये पत्नी नि मूल गेले, आणि तो बंद पडला.

आधी एक लग्नसराई जाणत्याच्या हाताखाली काढू द्या. अंतरपाट दूर होतो तो क्षण वाफशासारखा, गेला की गेला. आपल्या एका सभासदाचा मुलगा रत्नागिरीत असाच शिकतोय. लाइट धरतो, वायरी गुंडाळतो. यंदा त्याच्या हाती पहिल्यांदा कॅमेरा आला, तोही पंगतीपुरता.