सेकंडहँड गाडीची वॉरंटी : घ्यावी की नको?

मडिकेरीहून परतताना आम्ही बैलकुप्पेला थांबलो. आई-बाबा बेळगावहून खास कूर्ग बघायला आले होते आणि नामड्रोलिंग मठातलं सुवर्णमंदिर बघितल्याशिवाय परत जायचं नाही, असं आईने आधीच सांगून ठेवलं होतं. १९६० च्या दशकात तिबेटी निर्वासितांसाठी वसवलेलं हे गाव म्हैसूर जिल्ह्यात आहे, म्हैसूर शहरापासून साधारण ८० किलोमीटरवर. मंदिरातल्या भव्य सोनेरी मूर्ती बघून झाल्या, बाहेर गरमागरम थुक्पा खाऊन झाला, सगळे खुशीत गाडीत बसले. दादाने गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला. इंजिन नुसतं ओरडत राहिलं, गाडी जागची हलेना.

ही गाडी दादाने तीनच महिन्यांपूर्वी म्हैसूरमध्ये घेतली होती. सात वर्षं जुनी, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. गाडीसोबत १४,६०० रुपये भरून एक वर्षाची एक्स्टेंडेड वॉरंटीही घेतली होती. ‘‘सर, रोजचे फक्त ४० रुपये, वर्षभर टेन्शन नाही,’’ असं विक्रेत्याने सांगितलं होतं. त्यामुळे त्या संध्याकाळी दादा अगदी निर्धास्त होता. त्याने वॉरंटीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

पलीकडून अगदी नम्र आवाजात उत्तर आलं, ‘‘सर, तुम्ही सांगताय त्यावरून क्लच प्लेट गेलेली दिसतेय. ती झिजणाऱ्या भागांमध्ये येते. वॉरंटीत बसत नाही.’’ गाडी ओढून नेण्याची सोय होती, पण फक्त ५० किलोमीटरपर्यंत. पुढचे पैसे आमचे.

शेवटी ६ किलोमीटरवरच्या कुशालनगरमधून मेकॅनिक आला. रात्र तिथल्याच एका लॉजवर काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी हातात आली. क्लचचे ९,८०० रुपये, शिवाय लॉज आणि जेवणखाण. आईच्या गुडघ्यांना दोन जिने चढावे लागले ते वेगळंच.

जेवताना बाबांनी विचारलं, ‘‘कागदावर हे लिहिलं होतं की नाही?’’

‘‘होतं,’’ दादा म्हणाला.

‘‘मग फसवलं कुणी नाही. वाचलं कुणी नाही.’’

वहिनी मात्र गप्प बसली नाही. ‘‘बाबा, पैसे आधी घेतले आणि कागद चार दिवसांनी मेलवर आला. वाचणार कधी?’’

दोघांचंही खरं होतं. आणि खरी चूक त्याही आधी झाली होती. गाडी घेण्यापूर्वी दादाने ती ओळखीच्या मेकॅनिकला दाखवली होती. ‘क्लच जड आहे, सहा महिन्यांत बदलावा लागेल,’ असं त्याने सांगितलं होतं. त्यावरून किंमत कमी करून घेता आली असती. पण विक्रेता म्हणाला, ‘‘वॉरंटी आहे ना, सर!’’ आणि तो विषय तिथेच संपला.

तुमच्या घरीही जुनी गाडी घेण्याचा विचार चालू असेल, तर हा अनुभव उपयोगी पडेल.

मोडणं वेगळं, झिजणं वेगळं

एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे ठरावीक मुदतीत, ठरावीक भाग अचानक बिघडला तर तो दुरुस्त करून देण्याचा करार. त्यात प्रामुख्याने इंजिन आणि गिअरबॉक्सचे आतले भाग असतात. महागड्या योजनेत एसी, स्टिअरिंग, इलेक्ट्रॉनिक भागही येतात. पण वापरून झिजणारे भाग जवळजवळ प्रत्येक योजनेत वगळलेले असतात. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर, बल्ब, फिल्टर, रबरी बुश, शिवाय ऑइल आणि कूलंट.

आता विचार करा, जुन्या गाडीवर आपण खर्च कशावर करतो? बहुतेक वेळा याच गोष्टींवर. म्हणजे वॉरंटी घेतली तरी रोजचा देखभालीचा खर्च तुमच्याच खिशातून जाणार. वॉरंटी कामी येते ती क्वचित येणाऱ्या, पण मोठ्या बिलाच्या वेळी. हा फरक लक्षात आला की अर्धा निर्णय झालाच म्हणून समजा.

विमा आणि वॉरंटी यात गल्लत नको

‘गाडीचा फुल इन्शुरन्स आहे, मग वॉरंटी कशाला?’ असं अनेकांना वाटतं. पण विमा अपघात, चोरी, आग, पूर अशा घटनांसाठी असतो. यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि झीज नेहमीच्या मोटर विम्यात वगळलेली असते. याउलट अपघातात गिअरबॉक्स फुटला तर वॉरंटी कंपनी तुम्हाला विम्याकडे पाठवेल. एक असल्याने दुसऱ्याची गरज भागत नाही.

जुनी गाडी घेतल्यावर विम्याचं एक काम मात्र लगेच करा. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे पॉलिसी तुमच्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा लागतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. त्यामुळे पॉलिसी नावावर करताना थोडे जास्त पैसे भरावे लागू शकतात. हा खर्चही हिशेबात धरा.

मूळ वॉरंटी शिल्लक आहे का?

वॉरंटीचे पैसे भरण्यापूर्वी गाडी पहिल्यांदा कधी विकली गेली ते बघा. मारुती सुझुकीने ९ जुलै २०२४ पासून आपल्या नव्या गाड्यांची मूळ वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १,००,००० किलोमीटर केली, यातलं जे आधी पूर्ण होईल ते. इतर अनेक कंपन्याही ३ वर्षांची वॉरंटी देतात. त्यामुळे दीड-दोन वर्षं जुनी गाडी घेत असाल तर कंपनीचीच वॉरंटी शिल्लक असू शकते आणि ती सहसा गाडीसोबत नव्या मालकाकडे येते.

कधी कधी पहिल्या मालकाने नवी गाडी घेतानाच वाढीव वॉरंटीचे पैसे भरलेले असतात. गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा, ते सांगू शकतील. गाडी तिथेच सर्व्हिस होत असेल तर तिचा जुना इतिहासही तिथे मिळेल आणि मीटर मागे फिरवलंय का, तेही कळेल.

इलेक्ट्रिक गाडी घेत असाल तर बॅटरीची वॉरंटी स्वतंत्रपणे वाचा. काही दीर्घ मुदतीच्या बॅटरी वॉरंट्या फक्त पहिल्या मालकापुरत्या असतात, दुसऱ्या मालकासाठी मुदत कमी होते.

फुकट मिळालेली आणि विकत घेतलेली

सेकंडहँड गाड्यांच्या बाजारावर अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी नाकारल्यावर तो छापून आला आणि पुढे याच विषयावरच्या कामासाठी त्यांना २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. त्यांचा मुद्दा साधा आहे. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा भाव पाडून मागतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातूनच बाहेर पडतो. यावरच्या उपायांपैकी एक म्हणजे हमी.

घरगुती भाषेत सांगायचं तर विक्रेत्याने स्वतःच्या खर्चाने ३-६ महिन्यांची हमी दिली, तर त्याचा गाडीवर विश्वास आहे हे कळतं. पण तीच हमी तो तुम्हाला वेगळे पैसे घेऊन विकत असेल, तर त्यावरून गाडीबद्दल काहीच कळत नाही. म्हणून आधी विचारा, ‘‘ठरलेल्या किमतीतच तुम्ही किती महिन्यांची हमी द्याल?’’ उत्तर देताना विक्रेता घुटमळला, तर वॉरंटीपेक्षा गाडीचाच पुन्हा विचार करा.

कुणी घ्यावी?

पुण्याच्या मावशीचा अनुभव आमच्या अगदी उलट आहे. तिने ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मोठी गाडी जुनी घेतली आणि कंपनीच्याच सर्टिफाइड दालनातून वॉरंटीही घेतली. आठव्या महिन्यात गिअरबॉक्स बिघडला. दुरुस्तीचा अंदाज लाखाच्या वर होता. तिने प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर, अधिकृत ठिकाणी करून बिलं फाइलला लावली होती. तिचा दावा मंजूर झाला.

म्हणून प्रश्न ‘वॉरंटी चांगली की वाईट’ हा नाहीच. प्रश्न आहे, कोणतं बिल आलं तर तुमच्या घराचं बजेट कोलमडेल?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो डिझेल इंजिन, भरपूर इलेक्ट्रॉनिक्स किंवा महागडे सुटे भाग असलेली गाडी असेल, एका मोठ्या बिलाएवढे पैसे हाताशी नसतील आणि अधिकृत वर्कशॉप जवळ असेल, तर वॉरंटीचा विचार जरूर करा.

साधी मॅन्युअल गिअरची पेट्रोल गाडी असेल, सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळत असतील, विश्वासू मेकॅनिक असेल, तर तेच पैसे बाजूला ठेवणं बरं. दरमहा १,५०० रुपये वेगळे काढले तर वर्षाला १८,००० रुपये जमतात. त्यातून क्लचही होतो, टायरही होतात. काहीच झालं नाही तर पैसे तुमचेच राहतात. मात्र हे पैसे दिवाळीच्या खरेदीत संपवणार असाल, तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही.

सही करण्यापूर्वी विचारा

• वॉरंटी नेमकी कोण देतंय? गाडीची कंपनी, विक्रेता की तिसरीच एखादी कंपनी? उद्या विक्रेत्याचं दुकान बंद झालं तर दावा कुणाकडे करायचा?

• वगळलेल्या भागांची यादी दाखवा. ती पैसे देण्यापूर्वी हातात हवी, नंतर मेलवर नको.

• एका दाव्याला आणि वर्षभराला कमाल रक्कम किती? मजुरी आणि जीएसटी त्यात धरले आहेत का?

• दुरुस्ती कुठे करता येईल? बाहेरगावी गाडी बंद पडली तर? टोइंग किती किलोमीटर?

• वॉरंटी पहिल्या दिवसापासून लागू होते की काही दिवसांनंतर?

• खरेदीच्या आधीपासून असलेला दोष कसा ठरवणार? वॉरंटीसोबत गाडीचा तपासणी अहवाल लेखी मिळेल का?

• कोणत्या कारणाने वॉरंटी रद्द होते? सर्व्हिसिंग चुकणं, बाहेरच्या गॅरेजमध्ये काम, सीएनजी किट, बाहेरून बसवलेले दिवे किंवा म्युझिक सिस्टिम?

• गाडी मध्येच विकली तर वॉरंटी नव्या मालकाकडे जाईल का?

‘‘सर्व काही कव्हर आहे,’’ असं तोंडी उत्तर मिळालं तर हसून म्हणा, ‘‘हेच जरा लिहून द्या.’’

दावा नाकारला तर

नकार आणि त्याचं कारण लेखी मागा. फोनवरच्या बोलण्यावर थांबू नका. कागद, बिलं, जॉब कार्ड, मेकॅनिकचं मत आणि फोटो एकत्र ठेवा. करारातला भाग असूनही दावा नाकारला असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यानेही काम झालं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, त्यासाठी गाडी घेतलेल्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. पण घटनेपासून २ वर्षांच्या आत तक्रार व्हायला हवी. शेजाऱ्याकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून थेट गाडी घेतली असेल, तर हा मार्ग सहसा मिळत नाही. अशा वेळी आधीची तपासणी हीच तुमची वॉरंटी.

गेल्या महिन्यात दादाला वॉरंटी वाढवण्यासाठी फोन आला. या वेळी फोन वहिनीने घेतला. तिने वगळलेल्या भागांची यादी मागितली, ती वाचली आणि नको म्हणून सांगितलं. त्याच दिवशी बँकेत १,५०० रुपयांचं आरडी सुरू केलं, नाव ठेवलं ‘गाडीची औषधं’. मावशीने मात्र तिची वॉरंटी पुन्हा घेतली. दोघींचे निर्णय वेगळे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत, कारण दोघींनीही कागद आधी वाचला.

आई आता पुन्हा बैलकुप्पेला जायचं म्हणतेय. मागच्या वेळी गाडीच्या नादात तिचं प्रार्थनाचक्र फिरवायचं राहून गेलं होतं.