पंचाहत्तरनंतर एकशे चोवीस

पहाटे साडेपाच. चहाचं आधण उकळेपर्यंत मी ओट्यापाशी उभी राहून आजचं कलम वाचते. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच. कलम एवढंच आहे आणि मला ते तोंडपाठ आहे, तरी वाचते. हा तास वर्षातून एकदाच येतो.

सात वीसला पहिलं लेक्चर, द्वितीय वर्ष वाणिज्य. सांगलीतलं सकाळचं सत्र म्हणजे तासगाव, कवठे महांकाळकडची मुलं पहिल्या एस.टी.नं आलेली आणि निम्म्यांना बारानंतर कुठल्यातरी दुकानात हजर व्हायचं असतं. व्यवहार त्यांना माझ्याहून जास्त कळतो. अडतात ती शब्दांपाशी. इंग्रजी पुस्तकात ‘कन्सिडरेशन’, मराठीत ‘प्रतिफल’, आणि दोन्ही सारखेच परके. मी फळ्यावर लिहिते: ‘मामा म्हणाला, पास झालास की मोटरसायकल घेऊन देतो. भाचा पास झाला. मामा विसरला.’ दावा लावता येईल का? वर्ग दुभंगतो. शेवटी मागच्या बाकावरचा एकजण म्हणतो, “मॅडम, मामाला त्यातनं काय मिळालं?” तेच प्रतिफल. वचनाच्या बदल्यात, वचन देणाऱ्याच्या इच्छेनुसार दुसऱ्यानं काही केलेलं, सोडलेलं किंवा कबूल केलेलं. ते नसेल तर कलम २५ प्रमाणे करार शून्य. मात्र जवळच्या नात्यात मायेपोटी लेखी, नोंदवून दिलेलं वचन चालतं. “म्हणजे मामाला रजिस्ट्रारकडं न्यायचा!” कुणीतरी म्हणतं आणि आता ही व्याख्या कुणी विसरत नाही.

‘शून्य’ आणि ‘शून्यकरणीय’ यांना जास्त वेळ लागतो. शून्य करारात कायद्याच्या दृष्टीनं काहीच नसतं. शून्यकरणीय करार जिवंत असतो, पण तो मोडायचा की ठेवायचा हे ज्याची संमती फसवून किंवा धाक घालून घेतली त्याच्या हातात. ‘अज्ञान’ या शब्दावर मुलं हमखास हसतात, कारण कायद्यात त्याचा अर्थ अडाणी नव्हे, अठरा पूर्ण न झालेला. मग मी कलकत्त्याच्या धर्मोदास घोषची गोष्ट सांगते. अज्ञान असताना त्यानं वीस हजारांचं गहाणखत करून दिलं. त्याचं वय सावकाराच्या माणसाला ठाऊक होतं. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलनं ठरवलं, अज्ञानाचा करार मुळातच शून्य. म्हणजे मोठा झाल्यावर ‘हो, तो करार मला मान्य आहे’ म्हटलं तरी त्यात जीव येत नाही.

आठ दहाला दुसरं लेक्चर. पुस्तक उघडताच पुढच्या बाकावरची मुलगी विचारते, “मॅडम, कलम ७५ नंतर एकदम १२४? मधली कुठं गेली?” या प्रश्नाची मी दरवर्षी वाट पाहते. मालविक्रीची कलमं १९३० साली स्वतंत्र कायद्यात गेली, शेवटची भागीदारीची १९३२ साली. घर वाढलं, भाऊ वेगळे झाले, जुन्या घरातल्या खोल्या रिकाम्या राहिल्या. आणि त्या रिकाम्या खोल्या ओलांडल्या की पलीकडे जामीन उभा असतो.

मी पुस्तक मिटते. आमच्या अण्णांनी शेजाऱ्यासाठी एका पतसंस्थेत सही केली होती. “नुसती सही पाहिजे,” असं शेजारी म्हणाला होता. त्याचे हप्ते थकले, सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला आणि त्यात अण्णांचंही नाव होतं. अण्णा म्हणत राहिले, आधी त्याच्याकडून वसूल करा. कायदा तसं म्हणत नाही. आधी कर्जदारामागं लागायचं बंधन धनकोवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६८ सालीच सांगितलेलं आहे. आमच्या दोन म्हशी गेल्या, आईच्या पाटल्या गेल्या.

वर्ग इतका शांत होतो की बाहेरचा पंप ऐकू येतो. यापुढचं मला खरं सांगायचं असतं. पैसे भरले त्याच दिवशी अण्णा धनकोच्या जागी उभे राहिले होते. कलम १४०. त्या हक्काला प्रत्यासन म्हणतात. कलम १४५ प्रमाणे भरलेली योग्य रक्कम कर्जदाराकडून मागता येते आणि दाव्याला मुदत असते तीन वर्षांची. आमच्या घरात हा शब्दच कुणाला ठाऊक नव्हता. मी बी.कॉम.ला तो वाचला तेव्हा पाच वर्षं उलटून गेली होती.

कलम १३३ पण त्याच दमात सांगते. जामीनदाराला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो. पण छापील फॉर्मात बारीक अक्षरात हा हक्क सोडल्याचं वाक्य असू शकतं, म्हणून फॉर्म वाचायचा.

नऊला स्टाफरूम, चहा, हजेरीपट.

साडेदहाला पाच वर्षांपूर्वीची एक विद्यार्थिनी येते. आता ती मसाले विकते. हातात न वटलेला चेक आणि बँकेचा मेमो. मी आधी मेमोची तारीख बघते. परक्राम्य संलेख कायदा, १८८१, कलम १३८: चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस, तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. तिचे बावीस दिवस ‘आज देतो, उद्या देतो’ ऐकण्यात गेलेत. “आठ राहिले. आजच वकिलांकडं जा,” मी म्हणते. ती पायरीवरूनच फोन लावते.

एकला बावीस मुलांना घेऊन मार्केट यार्डात. हळदीचा हंगाम आहे, हवाच पिवळी झालीय. अडत दुकानात हळकुंडांचा ढीग, भोवती खरेदीदार, बोली चढत जाते. मुलांना आधीच सांगून ठेवलंय, तोंडं बघू नका, करार कधी होतो ते बघा. ढीग मांडणं हा प्रस्ताव नव्हे, ते प्रस्तावाचं निमंत्रण. प्रत्येक बोली हा प्रस्ताव. आणि सौदा पुकारणारा रूढीप्रमाणे ‘झाला’ असं जाहीर करतो ती स्वीकृती. मालविक्री कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे त्या क्षणापर्यंत बोली मागं घेता येते, नंतर नाही. एक मुलगा कोपऱ्यात बसलेल्या शेतकऱ्याकडं बोट करतो, “मॅडम, माल ह्यांचा, पण हे तर काहीच बोलले नाहीत.” बरोबर. त्यांच्या वतीनं अडत्या बोलतोय, करार कायद्याच्या कलम १८२ मधला प्रतिनिधी. त्यानं अधिकारात राहून केलेला सौदा मालकाला बांधतो. शेतकरी आमच्याकडं बघून हसतात आणि म्हणतात, “बोलणारा चांगला असला की झोप लागती.” त्यांचं हे वाक्य मुलं वहीत उतरवून घेतात.

साडेतीनला चाचणीचे पेपर. प्रश्न लालमन शुक्लाचा. मालकाचा हरवलेला पुतण्या शोधायला मुनीम हरिद्वारला गेला. मागाहून मालकानं ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, पण मुनीमाला ते कळलेलं नव्हतं. मुलगा सापडला आणि मुनीमानं बक्षीस मागितलं. १९१३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयानं नाकारलं. जो प्रस्ताव माहीतच नाही, त्याची स्वीकृती कशी होणार? चौदा पेपरांत निकाल बरोबर आहे. एकीनं निकाल लिहून खाली ओळ घातलीय: ‘पण मालकानं द्यायला पाहिजे होते.’ मी त्या ओळीला गुण देऊ शकत नाही, पण तिच्याखाली ‘हो’ लिहिते. कायदा काय म्हणतो आणि माणसानं काय करावं, हे दोन प्रश्न तिला वेगळे दिसलेत. पुस्तकातली निम्मी गुंतागुंत तिथं सुटते.

रात्री पावणेनऊ. भाकरी तव्यावर असताना फोन वाजतो. मामाला त्यातनं काय मिळालं असं विचारणारा मागच्या बाकावरचा मुलगा. “मॅडम, पप्पा चुलत्यांना जामीन राहणार हायत. उद्या सही हाय. जरा बोलता का?”

पप्पा फोनवर येतात, अवघडलेले. “तसं काय नाही मॅडम, घरातलंच माणूस हाय. नुसती सही पाहिजे म्हणत्यात.”

मी गॅस बंद करते. “सही करा की नका करू, ते मी सांगणार नाही. फॉर्म हातात आहे?”

“हाय.”

“रकमेच्या जागेवर काय लिहिलंय?”

कागद उलटल्याचा आवाज येतो. “ती मोकळीच हाय.”

“आधी ती भरून घ्यायची. आणि खाली बारीक अक्षरात काही छापलंय का?”

“लई हाय.”

“पोराला चष्मा आणून द्यायला सांगा,” मी स्टूल ओढून बसते. “पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचा. मी ऐकते.”