पिस्तूल सारखं अडकतंय? आधी हात वर कर!

(हा भाग ऐकायचा असेल तर वरचं प्ले बटण दाबा. बसमध्ये असाल आणि हेडफोन घरी राहिले असतील, तर खाली वाचा.)

मी मूळचा खुलताबादचा, पोटासाठी पुण्यात कोड लिहितो. आज विषय जरा वेगळा आहे: सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल जॅम का होतं आणि तो जॅम शोधायचा कसा. घाबरू नका, सिनेमातलं पिस्तूल नाही. हे नेमबाजीच्या खेळातलं आहे.

झालं असं, की माझी मावसबहीण २५ मीटर पिस्तूल प्रकारात खेळते. खुलताबादहून रोज पहाटेच्या गाडीने, दौलताबादचा घाट उतरून शहरातल्या रेंजवर जाते. क्लबचंच पिस्तूल वापरते. मागच्या निवड स्पर्धेत ती फक्त ४ गुणांनी बाहेर गेली. कारण काय? तिसऱ्या शॉटला पिस्तूल अडकलं. रात्री फोन आला, "दादा, तू दिवसभर बग शोधतोस ना? मग हा पण शोधून दे."

आत नक्की काय होतं?

दौलताबाद किल्ल्यावरची मेंढा तोफ आठवा. तिच्यात दारू-गोळा माणूस भरायचा, बत्ती माणूस द्यायचा. पुढचा बार भरायचं काम तोफेचं नव्हतंच, त्यामुळे ते बिघडायचा प्रश्नही नव्हता. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात मात्र ते काम यंत्र करतं. एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढची भरून तयार होते.

हे असं होतं. काडतूस फुटतं, गॅसचा दाब गोळीला पुढे ढकलतो आणि रिकाम्या पुंगळीला मागे. त्या जोराने बोल्ट मागे जातो (काही पिस्तुलांत अख्खी स्लाइडच जाते). एक छोटा आकडा पुंगळीला धरून चेंबरमधून बाहेर ओढतो, एक खुंटी तिला बाहेर उडवते. मग स्प्रिंग बोल्टला परत पुढे ढकलते आणि जाता जाता तो मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये सरकवतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

म्हणजे ही एक पाइपलाइन आहे: फुटणं, ओढणं, उडवणं, भरणं, बंद होणं. जॅम म्हणजे यातली कुठली तरी एक पायरी चुकली. "पिस्तूल खराब आहे" असं म्हणणं म्हणजे "ॲप चालत नाही" असं म्हणण्यासारखं आहे. कुठल्या पायरीवर चालत नाही, ते सांगा!

चार प्रकारचे जॅम

१. ट्रिगर दाबला, टक् आवाज आला, पण गोळी सुटली नाही. या खेळात पॉइंट २२ ची काडतुसं लागतात. यांची ठिणगी पकडणारी दारू मधोमध नसते, बुडाच्या कडेत भरलेली असते. ती एखाद्या जागी कमी भरली गेली, तर काडतूस फुसकं निघतं. अशा वेळी लगेच उघडायचं नाही. नळी टार्गेटकडेच ठेवून थांबायचं, कारण कधी कधी काडतूस उशिरा फुटतं.

२. पुंगळी बाहेर पडता पडता दारातच अडकली. बहुतेक वेळा आकड्याखाली काजळी साचलेली असते, नाहीतर काडतूस कमजोर असतं आणि बोल्ट पुरता मागे जात नाही. मनगट ढिलं असेल तरीही हे होतं. बोल्टला मागे जायला पिस्तूल जागेवर लागतं. पिस्तूलच मागे गेलं, तर बोल्टचा जोर वाया जातो.

३. नवं काडतूस चेंबरमध्ये शिरताना वाकडं झालं. इथे पहिला संशयित मॅगझिन. त्याच्या तोंडाच्या कडा काडतुसाला ठरावीक कोनात धरतात. मॅगझिन फरशीवर पडून कडा जराशी जरी वाकली, तरी कोन बदलतो.

४. काडतूस शिरलं, पण बोल्ट पूर्ण बंद झाला नाही. चेंबरमधली घाण, किंवा तेलाचा अतिरेक. तेल जास्त झालं की धूळ आणि जळकी दारू त्यात मिसळून चिखल होतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या धुळीत तर विचारूच नका.

आणि एक पाचवी गोष्ट, जी जॅमपेक्षा धोकादायक आहे. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, तर तिथेच थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुटेल.

आम्ही बग कसा शोधला

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, मी पिस्तुलाला हात लावला नाही. माझ्याकडे परवाना नाही, आणि ते कामही माझं नाही. मी तीन शनिवार रेंजवर मागे खुर्ची टाकून बसलो आणि वहीत लिहीत गेलो.

मॅगझिन तीन होती. सरांना विचारून त्यांच्यावर १, २, ३ असे स्टिकर लावले. प्रत्येक जॅमला चार गोष्टी टिपल्या: कुठलं मॅगझिन, कितवा शॉट, कुठल्या खोक्यातलं काडतूस आणि जॅमचा प्रकार. नियम एकच ठेवला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काडतूस बदललं त्या दिवशी साफसफाईची पद्धत बदलायची नाही. नाहीतर बग गेला तरी कशाने गेला, हे कळत नाही.

तीन शनिवारांत ३०० गोळ्या आणि ११ जॅम झाले. त्यातले ९ दोन नंबरच्या मॅगझिनचे, सगळे तिसऱ्या प्रकारचे. उरलेले २ सत्राच्या शेवटी, आकड्याखाली काजळी साचल्यावरचे. ती महिनाभर स्वतःला दोष देत होती, "माझी पकडच चुकते" म्हणून. वहीने तिची पकड निर्दोष सोडली!

मावसबहीण म्हणाली, "पक्कड आण, कडा सरळ करते." मी म्हटलं, बाई, थांब. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक-पिस्तूल दुरुस्तीचा व्यवसाय करायलासुद्धा परवाना लागतो. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी अर्धा मिलिमीटर पकडीने सरळ होत नसतो. सरांनी ते मॅगझिन बाजूला काढलं, पिस्तूल परवानाधारक कारागिराकडे तपासून घेतलं. तिचं काम एवढंच: प्रत्येक सत्रानंतर आकडा आणि चेंबर साफ करणं, तेल थेंबभरच.

पण गुण गेले ते जॅममुळे नाही

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. २५ मीटर प्रकारात ६० शॉट असतात. पहिले ३० निवांत, ५ मिनिटांत ५. पुढचे ३० रॅपिड: ७ सेकंद लाल दिवा, ३ सेकंद हिरवा, त्या तीनांत हात उचलून एक शॉट. असे पाच.

तिचं पिस्तूल रॅपिडमध्ये अडकलं आणि घाबरून तिने दुसऱ्या हाताने बोल्ट ओढला. काडतूस आणखी घट्ट बसलं. दोन शॉट राहिले, दोन्ही शून्य.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत बिघाड दोन प्रकारचे आहेत: मान्य आणि अमान्य. पुंगळी अडकली, काडतूस फुटलं नाही, तर तो मान्य बिघाड. तुम्हाला नियमाप्रमाणे पुन्हा संधी मिळते. पण अधिकाऱ्याने बघायच्या आधी तुम्ही बोल्टला किंवा आतल्या यंत्रणेला हात लावलात, तर तोच बिघाड अमान्य. सेफ्टी काढायला विसरलात, मॅगझिन नीट बसवलं नाहीत, तरी अमान्य. म्हणून करायचं काय? नळी टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर, रिकामा हात वर. बस्स.

हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २५ जुलै २०२१ ला, मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीतच बिघाड झाला. ते १० मीटरचं एअर पिस्तूल होतं, यंत्रणा वेगळी, पण घड्याळ तेच. जवळपास २० मिनिटं गेली. तरी तिने ५७५ गुण केले, बारावी आली, अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीच मनू २०२४ मध्ये पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली.

आणि आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये याच २५ मीटर प्रकारात तिचं सुवर्ण शूट-ऑफवर ठरलं. एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. जिथे एकेका शॉटवर पदक ठरतं, तिथे पिस्तुलावर शंका घेऊन उभं राहता येत नाही. म्हणून ती वही.

शेवटी काय झालं?

त्यानंतर रोज सरावात सर तिला न सांगता मध्येच एक रिकामी पुंगळी भरून द्यायचे. टक् झालं की हात वर. शंभर वेळा तेच, डोकं न वापरता हात वर जाईपर्यंत.

पुढच्या स्पर्धेत रॅपिडच्या पाचव्या मालिकेत पिस्तूल पुन्हा अडकलंच. इतकं सगळं करूनही! मी मागे बसून नखं खात होतो. तिचा डावा हात शांतपणे वर गेला. अधिकारी आले, पाहिलं, "मान्य" म्हणाले. तिने मालिका पूर्ण केली आणि राज्य स्पर्धेसाठी तिचं नाव लागलं.

घरी येताना भद्रा मारुतीला नारळ फोडला. ती म्हणाली, "दादा, बग पूर्ण गेला नाही हं." मी म्हटलं, कुठल्याच सॉफ्टवेअरमधला जात नाही. तो आल्यावर काय करायचं हे पाठ असलं की झालं.

तुमच्याकडे असा एखादा हट्टी बग असेल, पिस्तुलाचा नाही तर स्कूटीचा किंवा पंपाचा, तर व्हॉइस नोट पाठवा. आणि हो, वही घाला. भेटू पुढच्या भागात!