ऊन-सावलीचा हिशेब

एक साधा प्रश्न विचारतो. भर दुपारी अंगणात पडलेला कोळशाचा खडा आणि रात्री घरात दिव्याखाली ठेवलेला पांढरा कागद, यांपैकी तुमच्या डोळ्यांकडे अधिक प्रकाश कोण पाठवतो? उत्तराची घाई करू नका. आधी थोडे गणित करू या. पृष्ठभागावर पडणारा प्रकाश लक्स या एककात मोजतात. भर दुपारचे ऊन सुमारे १,००,००० लक्स असते. कोळसा त्यातला शेकडा ४ भाग परत पाठवतो, म्हणजे ४,०००. दिव्याखालच्या कागदावर २०० लक्स प्रकाश पडत असेल आणि कागद शेकडा ८० भाग परत पाठवीत असेल, तर होतात अवघे १६०. म्हणजे उन्हातला कोळसा कागदाच्या २५ पट प्रकाश पाठवतो! तरीही कोळसा काळाच दिसतो आणि कागद पांढराच.

याचे कारण असे की, आपला डोळा आणि मेंदू नुसता प्रकाश मोजीत नाहीत. ते त्याची आजूबाजूच्या वस्तूंशी तुलना करतात. एडविन लँड आणि जॉन मॅकॅन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या ‘रेटिनेक्स’ सिद्धांताचा गाभा हाच आहे. कॅमेऱ्याला ही तुलना येत नाही. आलेला प्रकाश मोजणे, एवढेच त्याचे काम. म्हणून ऊन आणि दाट सावली एकाच चित्रात घ्यायची झाली, की पंचाईत होते.

पंधरा पायऱ्या, साडेसहा पायऱ्यांत

लोणावळ्याजवळचे कार्ल्याचे चैत्यगृह तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आत उजेड येतो तो दर्शनी बाजूच्या दारांतून आणि त्यांवरच्या भव्य कमानदार गवाक्षातून. खांबांच्या रांगांमागे अंधार दाटलेला असतो. समजा, तुम्ही आतून दाराकडे कॅमेरा धरला आहे. बाहेर उन्हात पांढरा सदरा घातलेला एक मनुष्य उभा आहे. त्याच्यावर ८०,००० लक्स प्रकाश पडतो आहे, तर आत खांबामागे केवळ २० लक्स. हे गुणोत्तर झाले ४,०००. शिवाय सदरा शेकडा ८० भाग परत पाठवतो आणि काळपट खडक शेकडा १०. हे गुणोत्तर ८. दोहोंचा गुणाकार ३२,०००.

प्रकाश दुप्पट झाला की एक पायरी चढली, असे धरू. छायाचित्रकार या पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. २ चा १५ वा घात ३२,७६८, म्हणजे आपले दृश्य जवळजवळ १५ पायऱ्यांचे आहे. त्यातल्या १२ पायऱ्या उजेडाच्या आणि ३ वस्तूंच्या, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

चांगल्या कॅमेऱ्याचा संवेदक एका वेळी १२ ते १४ पायऱ्या टिपू शकतो. पण चित्र शेवटी ज्यावर उमटते त्या कागदाचे काय? चकचकीत कागदाचा शुभ्र भाग शेकडा ९० भाग प्रकाश परत पाठवतो आणि त्यावरची गडद काळी शाईदेखील शेकडा १ भाग तरी परत पाठवतेच. गुणोत्तर झाले ९०, म्हणजे सुमारे साडेसहा पायऱ्या. पंधरा पायऱ्यांचा जिना साडेसहा पायऱ्यांत बसवायचा आहे!

अनेक चित्रांतून एक

पहिली अडचण टिपण्याची. तिच्यावरचा उपाय जुना आहे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे हा छायाचित्रकार १८५० च्या दशकात समुद्राची चित्रे घेई. त्या काळच्या काचपट्ट्यांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई. त्यामुळे समुद्र नीट उमटला की आकाश कोरे पडे. म्हणून काही चित्रांसाठी त्याने आकाश एका निगेटिव्हवरून आणि समुद्र दुसऱ्या निगेटिव्हवरून, असे एकाच कागदावर छापले.

आज हेच काम आकड्यांनी होते. कॅमेरा जागचा न हलवता १/१०००, १/२५०, १/६०, १/१५ आणि १/४ सेकंद अशी पाच चित्रे घ्यायची. प्रत्येक वेळी प्रकाश पडू देण्याचा काळ सुमारे चौपट, म्हणजे दोन पायऱ्यांनी अधिक. पहिल्या चित्रात बाहेरचा सदरा नीट येतो, शेवटच्यात खांबामागचा खडक. प्रत्येक बिंदूसाठी नीट आलेल्या चित्रातले वाचन घेऊन त्याला वेळेने भागले, की त्या बिंदूची खरी तेजस्विता मिळते. फिल्मचा किंवा कॅमेऱ्याचा प्रतिसाद सरळ प्रमाणात नसला, तरी तो या चित्रांवरूनच कसा शोधावा, हे पॉल डेबेवेक आणि मूळचे भारतीय असलेले जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये दाखवले. त्यांनी एका चर्चच्या अंतर्भागाची १६ चित्रे घेतली होती. सर्वांत लांब ३० सेकंदांचे, सर्वांत छोटे १/१००० सेकंदाचे. या पद्धतीला ‘हाय डायनॅमिक रेंज’, थोडक्यात ‘एचडीआर’ म्हणतात. आजचे अनेक मोबाइल फोन बटण दाबताच अशी अनेक चित्रे घेऊन ती जोडून टाकतात.

दाबायचे काय?

दुसरी अडचण दाखवण्याची. सगळ्या पायऱ्या सारख्याच दाबल्या, तर चित्र राख फासल्यासारखे फिके दिसते. दगडाचा पोत आणि कापडाची चुणीही त्यात दबून जाते. येथे मघाचा हिशेब आठवा. डोळ्याकडे येणारा प्रकाश म्हणजे पडणारा उजेड गुणिले वस्तूची परावर्तनशक्ती. लॉगॅरिदम घेतला की गुणाकाराची बेरीज होते आणि दोन्ही भाग वेगळे काढता येतात. मग वस्तूंच्या ३ पायऱ्या जशाच्या तशा ठेवायच्या आणि उजेडाच्या १२ पायऱ्या साडेतीन पायऱ्यांत दाबायच्या. बेरीज साडेसहा!

हे दोन भाग वेगळे करताना संगणक असे गृहीत धरतो, की उजेड हळूहळू बदलतो, आणि म्हणून तो आसपासच्या बिंदूंची सरासरी घेतो. पण गवाक्षाच्या कडेला उजेड एकदम उडी घेतो. तेथे सरासरी चुकते आणि कडेभोवती वलय उमटते. २००२ मध्ये फ्रेदो ड्युरँड आणि ज्युली डॉर्सी यांनी कडा ओलांडून सरासरी न घेणारी रीत वापरून हा दोष पुष्कळ कमी केला.

नैसर्गिक कशाला म्हणावे?

उजेडाच्या पायऱ्या दाबता येतात म्हणून त्या पार पुसून टाकण्याचा मोह होतो. मग खांबामागचा खडक बाहेरच्या उन्हाइतकाच उजळ होतो. सगळे दिसते, पण ती दुपार होती की संध्याकाळ, उजेड कोणत्या बाजूने येत होता, हे कळेनासे होते. सावली ही काही चित्रातली उणीव नव्हे. उजेड कोठून आला, याची ती नोंद आहे.

म्हणून तीन कसोट्या लावा. मूळ दृश्यात जे अधिक उजळ होते, ते चित्रातही अधिक उजळ आहे ना? कडांभोवती वलये नाहीत ना? आणि रंग भडकले नाहीत ना? उजळपणा बदलताना प्रत्येक बिंदूतल्या लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे परस्पर प्रमाण कायम ठेवले, तर रंग सहसा बिघडत नाहीत.

मग असे चित्र खरे की खोटे? पाहण्यासाठी ते खरे मानता येईल. कारण दृश्यातला उजेडाचा क्रम त्याने राखला आहे. मोजण्यासाठी मात्र ते निरुपयोगी आहे. कारण त्यातली गुणोत्तरे आपणच बदलली आहेत. म्हणून मूळ चित्रे कधीही पुसून टाकू नका.

करून पाहा

संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावण्यास परवानगी लागते. म्हणून घरच्या खिडकीपासूनच सुरुवात करा. दुपारी खोलीतला दिवा बंद ठेवून खिडकीकडे तोंड करा. कॅमेरा किंवा फोन टेबलावर पक्का टेकवा. केंद्रण न बदलता केवळ काळ बदलून तीन चित्रे घ्या आणि ती जोडा. पंखा किंवा पडदा हलत असेल, तर तो चित्रात भुतासारखा दुहेरी उमटेल. त्याचे कारण तुम्हीच शोधा. मग जोडलेले चित्र त्याच खिडकीशेजारी धरून दोहोंची तुलना करा. खोलीतला कोणता कोपरा तुमच्या डोळ्यांना अंधारा दिसतो? चित्रातही तो थोडा अंधारा राहू द्या.